कोळशाचे पेट्रोल आणि एक मध्यस्थ

दगडी कोळसा आणि पेट्रोल यांच्यात मोठा फरक आहे तो हायड्रोजनचा. पेट्रोलमध्ये तो भरपूर, कोळशात कमी. मग कोळशात हायड्रोजन भरला तर? जर्मनीत कोळसा मुबलक, खनिज तेल मात्र नावापुरते. त्यामुळे तिथे हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. फ्रीडरिश बर्गियुस या रसायनशास्त्रज्ञाने प्रचंड दाबाखाली, ४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात कोळशाचा हायड्रोजनशी संयोग घडवून तेल मिळवले आणि १९१३ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

पण प्रयोगशाळेत जमले ते कारखान्यात परवडेलच असे नाही. त्यासाठी हवा होता उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोन्ही पक्षांना तो एकत्र आणतो, स्वतः मात्र मोकळा राहतो! अडचण एकच होती. कोळशात गंधक असते आणि त्या वेळचे प्रचलित उत्प्रेरक गंधकाने निकामी होत. त्यामुळे इथे उत्प्रेरक चालणारच नाही, अशी बर्गियुस यांची धारणा होती.

१९२५ मध्ये या पद्धतीचे हक्क बीएएसएफ कंपनीकडे गेले. तिथल्या माथियास पीअर यांनी प्रश्नच उलटा केला. गंधक टाळण्याऐवजी गंधक पचवणारा उत्प्रेरक का शोधू नये? मोलिब्डेनम आणि टंगस्टन या धातूंची संयुगे या कसोटीला उतरली. पीअर यांनी कामही दोन टप्प्यांत विभागले. आधी कोळशाचे जड तेल करायचे, मग त्याच्या वाफेपासून पेट्रोल. १९२७ मध्ये लॉयना येथे उत्पादन सुरू झाले. १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल बर्गियुस आणि कार्ल बॉश यांना मिळाले.

पण तोवर जगात तेल स्वस्त झाले होते आणि लॉयनाचे पेट्रोल महाग पडत होते. डिसेंबर १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने ठरलेल्या भावाने खरेदीची हमी दिली आणि बुडता धंदा तरला. पुढे महायुद्धात जर्मन विमानांचे बहुतेक इंधन कोळशापासून येऊ लागले. ऑशविट्झजवळच्या रबर आणि इंधनाच्या कारखान्याच्या बांधकामावर छळछावणीतले कैदी राबवले गेले, हजारो मेले. १२ मे १९४४ रोजी दोस्तांच्या बाँबफेकी विमानांनी लॉयना आणि इतर इंधन कारखान्यांवर हल्ला चढवला. असे हल्ले होत राहिले आणि जर्मन विमाने इंधनावाचून जमिनीवर खिळली.

ते कारखाने इतिहासजमा झाले, तरी पीअर यांची युक्ती टिकली. डिझेलमधले गंधक काढण्यासाठी आज तेलशुद्धीकरण कारखान्यांत, मुंबईच्या माहुलमध्येसुद्धा, त्याच घराण्यातले उत्प्रेरक वापरतात. मध्यस्थ तोच आहे. काल तो युद्धासाठी राबला, आज आपली हवा थोडी स्वच्छ राखतो. कोणाचे लग्न लावायचे, हे त्याने कधीच ठरवले नव्हते. ते माणसांनी ठरवले.