ख्रिस्ती महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रम

बारावीचा निकाल लागला की मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या घरांतून एकच चर्चा सुरू होते : जिल्ह्यातच शिकायचे, की मुंबई-गोव्याची वाट धरायची? मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे पदवीची सोय घराजवळ झाली आहे. तरीही मुंबई व गोव्यातील जुन्या ख्रिस्ती महाविद्यालयांकडे ओढा कायम आहे. मात्र प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या नावापेक्षा तेथील विषयांची यादी पाहणे अधिक हिताचे ठरते.

प्रमुख संस्था

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून मुंबईचे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्सची स्थापना केली. मुलींसाठीचे सोफिया महाविद्यालय १९४० चे. सिंधुदुर्गाला सर्वांत जवळचे म्हणजे म्हापशाचे सेंट झेवियर्स. १९६३ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे.

धर्मशिक्षणाची सक्ती नाही

ही महाविद्यालये सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली आहेत. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीविना धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे हे कोकणपुत्र विल्सनचेच विद्यार्थी होते.

विषयांची निवड

'लिबरल आर्ट्स' म्हणजे केवळ कला शाखा नव्हे. एका मुख्य विषयाबरोबर भाषा, समाजशास्त्रे व विज्ञान यांचा परिचय करून देणारी ही शिक्षणपद्धती आहे. मुंबईच्या झेवियर्समध्ये इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र या नेहमीच्या विषयांखेरीज प्राचीन भारतीय संस्कृती व पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि भूशास्त्र यांचीही परंपरा आहे. फादर हेरास यांनी १९२६ मध्ये स्थापलेली इतिहास संशोधन संस्था आणि ब्लॅटर वनस्पतिसंग्रह तेथेच आहेत.

सिंधुदुर्गाच्या विद्यार्थ्याला हे विषय परके नाहीत. मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे, सिंधुदुर्ग किल्ला, रेडीचे लोहखनिज आणि १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य ही त्यांची घरालगतची अभ्यासक्षेत्रे होत.

पदवीची रचना

झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची नवी रचना राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांनी पदवी घेता येते. चौथे वर्ष पूर्ण केल्यास 'ऑनर्स' पदवी मिळते.

प्रवेशापूर्वी

घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यानुसार काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. त्यासाठी सहसा बाप्तिस्म्याचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. घटनेच्या १५ व्या कलमातील पाचव्या उपकलमाने अल्पसंख्याक संस्थांना आरक्षणाच्या सक्तीतून वगळले आहे. त्यामुळे मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी जातीच्या दाखल्यावर येथे राखीव जागा मिळेलच असे गृहीत धरू नये.

काही अभ्यासक्रमांसाठी प्रवेश परीक्षा असते व तिचे अर्ज निकालापूर्वीच भरावे लागू शकतात. म्हापशास जाणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र व पात्रतेच्या दाखल्याची चौकशी आधीच करावी. मुंबईत महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात जागा मिळतेच असे नाही. शुल्काबरोबर राहण्या-जेवणाचा तीन वर्षांचा हिशेब घरी मांडून पाहावा. हवा तो विषय जिल्ह्यातच शिकता येत असेल, तर केवळ नावासाठी हा खर्च करण्याचे कारण नाही. तो तेथे नसेल, तर मात्र मुंबई-गोव्याचा विचार अवश्य करावा.