हातावरचं निळं वर्तुळ

हाताच्या आतल्या बाजूला कातडीत औषधाचा थेंबभर अंश टोचायचा, डाळीएवढा फुगा आला की त्याभोवती बॉलपेनने वर्तुळ काढायचं आणि पेशंटला पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसवून ठेवायचं. ‘टेस्ट डोस’ची ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याशिवाय इंजेक्शन देणारा डॉक्टर बेफिकीर ठरतो. पण ही रीत मुळात अँटिबायोटिकसाठी जन्मलीच नव्हती. घटसर्प आणि धनुर्वातावर घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम टोचत, त्या काळातली ती आहे. परक्या प्राण्याचं प्रथिन अंगात जाणार, म्हणून आधी कणभर टोचून शरीर काय म्हणतं ते बघायचं, हा तर्क सरळ होता. पुढे पेनिसिलिन आलं आणि तीच रीत त्याच्याही गळ्यात पडली. माझं म्हणणं असं की या उसन्या रीतीने सुरक्षिततेचा देखावा दिला आणि खरी सुरक्षितता ज्यात आहे ती कामं मागे ढकलली.

रीत रुजली ती भीतीपोटी, आणि भीती खोटी नव्हती. १९४९ साली जॉर्ज वाल्डबॉट या अमेरिकन ॲलर्जीतज्ज्ञाने पेनिसिलिनच्या ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीने, झालेल्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. सुरुवातीचं पेनिसिलिन म्हणजे गाळ मिसळलेली पिवळी पूड. तेव्हा दोष अशुद्धतेचा असावा असं वाटणं साहजिक होतं. औषध शुद्ध झालं, १९५५ पासून युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही बनू लागलं, तरी रिॲक्शन थांबल्या नाहीत. कारण १९६० च्या सुमारास कळलं. पेनिसिलिनचा रेणू इतका लहान की एकटा असताना तो शरीराच्या संरक्षकांच्या नजरेत भरत नाही. त्याचं कडं उघडतं, तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, आणि या जोडगोळीविरुद्ध शरीर शस्त्र परजतं. म्हणून नीट चाचणी करायची तर या जोडगोळीची नक्कल करणारं वेगळं द्रव्य लागतं. गल्लीतल्या दवाखान्यात मात्र वायलमधलंच औषध डिस्टिल्ड वॉटरने पातळ करून टोचतात. त्यात काही ॲलर्जी सापडतात, काही निसटतात. हातावर काहीच उठलं नाही याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, थोड्या तरी सापडतात ना, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते दोन्ही बाजूंनी. पातळ करण्याचं प्रमाण चुकलं की औषध नुसतं कातडीला झोंबतं, लाली येते आणि कागदावर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असा शिक्का बसतो. तो सहसा पुसला जात नाही. मग साध्या घशाच्या संसर्गालाही महागडं, जास्त व्यापक मारा करणारं औषध लिहिलं जातं. उलट, फुगा वाढला नाही की सगळेच निश्चिंत होतात: सुई टोचली, पैसे दिले, पेशंट रिक्षात. जिवावर बेतणारी रिॲक्शन बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते, आणि त्या वेळी तो चौकात सिग्नलला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उद्या तक्रार झाली तर ‘टेस्ट डोस दिला होता का’ हाच प्रश्न विचारला जाईल. डॉक्टरांची ही अडचण खरी आहे. पण या भीतीने केवढं नुकसान केलं तेही बघायला हवं. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी ‘बारा लाखाचं’ (बारा लाख युनिटचं) बेंझाथिन पेनिसिलिन द्यावं लागतं, आणि अनेक डॉक्टर ते द्यायलाच कचरतात. १९९१ साली ११ देशांतल्या १,७९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकूण ३२,४३० इंजेक्शनांत ॲनाफिलॅक्सिस ४ वेळा झाला, मृत्यू एक. तो एक मृत्यू हलका नाही; पण इंजेक्शन चुकलेल्या मुलाची झडप पुन्हा पुन्हा ताप येऊन निकामी होते, ती कोणाच्या रजिस्टरमध्ये चढत नाही.

इतरत्र या रीतीला कात्री लागते आहे. सेफॅलोस्पोरिनच्या इंजेक्शनांआधी सरसकट कातडीची चाचणी नको, असं चीनने २०२१ मध्ये ठरवलं. तिथे तर ही रीत आपल्याहून घट्ट होती. सर्पदंशाच्या प्रतिविषाआधीही चाचणी नको, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जिथून रीत आली त्या घोड्याच्या सीरमनेही तिची साथ सोडली. चाचणीचे दिवस संपले असं मात्र नाही. आधी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, दम लागला असेल, तर योग्य द्रव्यांनी, तज्ज्ञाच्या हाताखाली केलेली चाचणी मोलाचीच. फरक इतकाच की ती विचारपूस केल्यानंतर येते, विचारपुशीऐवजी नाही. ‘आधी कधी या औषधाने काही झालं होतं का, नेमकं काय, किती वेळाने?’ एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच गर्दीच्या ओपीडीत वाचवली जातात.

मग उरते ती ट्रेमधली एक मिलिलिटरची ॲम्प्युल. ॲड्रेनालिनचं औषध १९०१ पासून माहीत आहे, ते स्वस्त आहे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत वेळेवर दिलं तर कोसळणारा माणूस सावरतं. ते प्रकाशाने आणि हवेने बिघडतं, म्हणून ॲम्प्युल तपकिरी काचेची असते. उजेडात धरली की आतलं पाणी स्वच्छ दिसायला हवं; गुलाबी किंवा तपकिरी झाक आली असेल तर ती फेकून नवी ठेवायची. वर्तुळ काढायचं बॉलपेन जिथे हाताशी असतं, तिथेच तिची जागा.