पटावरच्या बाजारपेठेचा मागोवा

मध्ययुगीन राज्यांचा संगणकीय खेळ अनेक जण एकाच वेळी खेळू लागले, की त्याच्या निर्मात्यांना दोन तऱ्हेच्या दुरुस्त्या कराव्या लागतात. भालाईत फार बलवान झाला किंवा किल्ल्याची भिंत फार स्वस्त पडली, तर ते गणित एकदोन आवृत्त्यांत बसते. लढाईत एकाचा फायदा समोरच्याच्या मुळावर येतो आणि तोटा सोसणारा लगेच ओरड करतो. व्यापाराचे तसे नाही. तिथे सौदा करणारे दोघेही खुशीत असतात आणि बिघाडाची किंमत सौद्यात नसलेला तिसराच मोजतो. त्याची तक्रार उशिरा येते. तोवर सगळ्या डावाला वाकडे वळण लागलेले असते. म्हणूनच या खेळांतली व्यापाराची डागडुजी कधी संपत नाही. ती कुठून सुरू झाली हे पाहायला आपल्याला संगणकाच्याही मागे, १९०४ सालापर्यंत जावे लागते.

त्या वर्षी जानेवारीत एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंना ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या पटाचे पेटंट मिळाले. जमिनीचे भाडे एकाच मालकाच्या हाती कसे साचत जाते, हे खेळातून दाखवणे हा त्यांचा हेतू. हाच पट हातोहाती बदलत गेला आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो ‘मोनॉपॉली’ म्हणून बाजारात आणला. त्याच वंशातला ‘व्यापार’ आपल्याकडच्या कित्येक पिढ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळल्या आहेत. गंमत अशी, की १९०४ सालीच पार्कर ब्रदर्सने ‘पिट’ नावाचा पत्त्यांचा डाव काढला होता. त्याचा नमुना शिकागोचा धान्यबाजार. यात पाळी नावाची गोष्टच नाही. सगळे एकदम ओरडतात, किती पत्ते बदलायचे तेवढा आकडा सांगतात आणि पत्ते पालथेच एकमेकांच्या हातात देतात. एका मालाचे नऊच्या नऊ पत्ते ज्याच्याकडे जमतील तो जिंकला. मॅगीबाईंच्या पटावर किंमत आधीच छापलेली होती, ‘पिट’मध्ये ती गलक्यात ठरत होती. किंमत कोणी ठरवायची, खेळ रचणाऱ्याने की खेळणाऱ्यांनी, हा पुढच्या शतकभराचा वाद या दोन डावांत आधीच मांडून झाला होता.

संगणकावर आला तो आधी पहिला पक्ष. न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षिका मेबल ॲडिस यांनी १९६४ मध्ये आयबीएमच्या सहकार्याने ‘द सुमेरियन गेम’ रचला. लगाश नगरीचा राजा होऊन धान्य किती खायला द्यायचे, किती पेरायचे आणि किती साठवायचे, हे सहावीतल्या मुलांनी ठरवायचे होते. त्यावरून प्रेरणा घेऊन डग डायमेंट यांनी १९६८ मध्ये एक छोटा अवतार लिहिला. पुढे डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत आणला आणि १९७३ च्या आपल्या पुस्तकात छापला. ‘हमुराबी’ या नावाने तो घरोघर पोहोचला. त्यात जमिनीचा भाव दर वर्षी १७ ते २६ मापांच्या दरम्यान कुठलाही निघतो. तुम्ही कितीही जमीन घेतली वा विकली तरी पुढच्या वर्षीच्या भावाला त्याची खबर नसते. एकट्याने खेळताना हे चालून जाते. पण बाजूला दुसरा माणूस येऊन बसला, की असा बहिरा बाजार अपुरा पडतो. एकाच्या खरेदीची झळ दुसऱ्याला लागली नाही, तर दोघे शेजारी बसून आपापला वेगळा डावच खेळत राहतात.

दुसऱ्या पक्षाला नवे बळ दिले ब्रिटनच्या फ्रान्सिस ट्रेशम यांनी. १९८० साली आलेल्या त्यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ या पटावर मीठ, लोखंड, मसाले, सोने असे मालाचे पत्ते होते. एकाच मालाचे जितके पत्ते जमवाल त्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला त्या मालाच्या दराने गुणायचे. मिठाचा दर तीन. म्हणजे एका पत्त्याचे तीन, पण पाच पत्त्यांचे पंच्याहत्तर. या एका सूत्रामुळे एकट्याने मिळवण्याजोगे फार थोडे उरले आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे दार ठोठावावे लागले. सौदा करताना काही गोष्टी खऱ्या सांगायच्या, उरलेल्या झाकायच्या, असा नियम होता. पत्त्यांच्या गठ्ठ्यात संकटांचे पत्तेही मिसळलेले असत आणि त्यांतले काही गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत. इथे व्यापारात जोखीम शिरली, आणि तीही नियमाच्याच वाटेने.

त्यानंतर तीन वर्षांनी ‘म्यूल’ आला. ओझार्क सॉफ्टस्केपच्या डॅन बंटन यांनी, म्हणजे नंतरच्या डॅनिएल बंटन बेरी यांनी, अटारी संगणकाला चार जॉयस्टिक जोडून चार माणसांना एका पडद्यासमोर बसवले. लिलावाच्या वेळी विकणारे पडद्याच्या वरच्या कडेला आणि घेणारे खालच्या कडेला उभे राहत. विकणारा खाली सरकू लागला की त्याची मागणी उतरे, घेणारा वर चढू लागला की त्याची बोली वाढे, आणि दोघे जिथे भेटत तिथे सौदा होई. मधल्या दुकानाचा भावही टंचाईप्रमाणे हलत असे. छापील किंमत आणि गलक्यातली किंमत यांची पहिली तडजोड ती हीच. चालू डावात पुढे असलेल्याला दैवाची साथ कमी आणि मागे पडलेल्याला जास्त, अशी सोयही बंटन यांनी करून ठेवली होती. व्यापारात श्रीमंत अधिकच श्रीमंत होत जातो, यावरचा हा एक जुना उतारा.

आता आपण मध्ययुगात शिरू. एन्सेंबल स्टुडिओजचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ १९९७ मध्ये आला. त्यात प्राचीन काळची व्यापारी जहाजे दुसऱ्या खेळाडूच्या गोदीपर्यंत जात आणि मालाच्या बदल्यात सोने आणत. १९९९ च्या दुसऱ्या भागात काळ बदलून मध्ययुग आले आणि व्यापाराचे दोन फाटे झाले. पहिला फाटा बाजारातल्या अदलाबदलीचा. शंभर धान्याचा मूळ दर शंभर सोने. पण तीस टक्के दलाली असल्यामुळे घेताना १३० मोजायचे आणि विकताना ७० हाती पडायचे. दर सौद्यागणिक दर तीनने हलतो, आणि हा दर सर्व खेळाडूंना मिळून एकच असतो. कोणी लाकूड ओतून सोने उचलले की नकाशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याचेही लाकूड स्वस्त होते. ‘हमुराबी’च्या बाजाराला जे कान नव्हते ते या बाजाराला फुटले. दुसरा फाटा गाड्यांचा. आपल्या बाजारातून निघालेली गाडी मित्राच्या बाजारात जाते आणि सोने घेऊन परत येते. दोन बाजारांतले अंतर जितके जास्त, तितके सोने जास्त. खाणी कधीतरी संपतात, गाडीचे सोने संपत नाही. म्हणून मोठ्या सामन्याच्या उत्तरार्धात डाव या गाड्यांवरच तोलला जातो.

वरकरणी पाहता ही मोठी गळती आहे. न संपणारे सोने म्हणजे भाववाढीला आमंत्रणच. तरीही ही व्यवस्था पंचवीस वर्षे टिकली, कारण गाडीला हत्यार नाही आणि रस्त्याला छप्पर नाही. लांबचा बाजार निवडला तर सोने वाढते आणि लुटले जाण्याची शक्यताही वाढते. शत्रूचे मूठभर हलके घोडेस्वार वाटेत शिरले तर अर्ध्या तासाची कमाई काही क्षणांत जाते. खऱ्या मध्ययुगाचेही हेच दुखणे होते. बाराव्या-तेराव्या शतकांत फ्रान्समधल्या शँपेनच्या जत्रा भरभराटीला आल्या, त्यात तिथल्या काउंटांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या वाटेवरच्या संरक्षणाचा वाटा मोठा होता. मालाला गिऱ्हाईक मिळण्याआधी मालाने पोहोचावे लागते.

माल रस्त्यावर आलाच नाही, किंवा रस्ताच काढून टाकला, तर काय होते, हेही त्या काळात आणि पुढे दिसून आले. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये हजारो माणसांसाठी एक बंदिस्त अर्थव्यवस्था रचली होती. जगातली संपत्ती ठरावीक, एका हातातून सुटली की फिरून परत जगात यायची. खेळाडूंनी माल पेट्यांत भरून ठेवला, जगाचे चक्र अडले आणि निर्मात्यांना ती रचना सोडून द्यावी लागली. जर्मनीतून २००३ मध्ये ‘डी श्टेमे’, म्हणजे आपल्याला माहीत असलेला ‘ट्रायबल वॉर्स’, आणि २००४ मध्ये ‘ट्रॅव्हियन’ आला. ब्राउझरवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या या डावांत गावागावांतून माल पाठवता येतो. ‘ट्रायबल वॉर्स’मध्ये एक व्यापारी हजार नग घेऊन निघतो. वाटेत मात्र त्याला कोणी लुटू शकत नाही. परिणाम असा, की एकाने दोन-चार खाती काढायची, किंवा दुबळ्या मित्रांना गोळा करायचे, आणि सगळ्यांचा माल एकाच राज्यात ओतायचा. याला खेळाडू ‘पुशिंग’ म्हणतात. ‘ट्रॅव्हियन’च्या चालकांना त्यावर नियम करावे लागले आणि ते मोडणाऱ्यांना शिक्षाही कराव्या लागल्या. शत्रूच्या घोडेस्वाराचे काम तिथे पहारेकऱ्याच्या गळ्यात पडले. याचे शेवटचे टोक २०१२ च्या ‘डायब्लो थ्री’ने गाठले. त्यातल्या लिलावघरात ना वाट होती ना वाटमारी. राक्षस मारण्यापेक्षा खरेदी सोपी झाली आणि १८ मार्च २०१४ रोजी ते लिलावघरच बंद करावे लागले.

दुसऱ्या बाजूने ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ मालिकेने उलट चूक करून पाहिली. मूळ फ्रेंच पटावरून निघालेल्या या मालिकेच्या २०१३ च्या चौथ्या भागात रस्ते होते, पण त्यांची दिशा कायमची ठरलेली. संपत्ती एका केंद्रातून पुढच्या केंद्रात वाहत शेवटी व्हेनिस, जिनोआ आणि इंग्लिश खाडी या तीन टोकांशी साचायची. हिंदुस्थानातले राज्य घेऊन खेळणाऱ्याने सगळा सागर जिंकला तरी व्हेनिसची दौलत त्याच्याकडे उलटी वाहणार नाही. घडून गेलेला इतिहास या नियमाने नशीब म्हणून लादला. २०२५ मध्ये आलेल्या पाचव्या भागाचा आरंभ १३३७ सालात आहे, आणि त्यात ही एकमार्गी वाट मोडून मागणी-पुरवठ्यावर हलणारे बाजार आणले आहेत.

‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागातही नंतर भर पडत गेली. २००० साली काफिल्यांचा वेग निम्म्याने वाढवणारी सुधारणा आली. २०१५ मध्ये पोर्तुगीजांना ‘फेइतोरिया’ मिळाली. १५१० मध्ये गोवा घेण्याआधीच पोर्तुगीजांनी मलबार किनाऱ्यावर अशा वखारी घातल्या होत्या. खेळातली वखार वीस माणसांची जागा अडवते आणि धान्य, लाकूड, सोने, दगड आपोआप देत राहते. अस्सल वखार समुद्रावर जगत होती. तिचे गलबत बुडाले की ती उपाशी. खेळातली वखार भिंतीआड निवांत बसून कमावते, म्हणून व्यापाराच्या दृष्टीने ती फसलेली भर आहे. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’त हिंदुस्थानींना सराई मिळाली. ती जवळून जाणाऱ्या गाड्यांचा वेग वाढवते आणि त्यांची मोडतोड भरून काढते. शेरशाह सुरीने १५४० ते १५४५ च्या आपल्या छोट्या राजवटीत बंगालपासून सिंधूपर्यंतच्या वाटेवर सराया बांधल्या, त्याच धोरणाची ही प्रतिकृती. गाडीला वाटेवरच राहावे लागते, लुटीची भीती राहते, फक्त वाट थोडी सुसह्य होते. ही भर चांगली जमली.

या एकशेवीस वर्षांचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. दलालीचे टक्के आणि सौद्यावरच्या मर्यादा यांनी गळती आटोक्यात येते, पण थोडेच दिवस. खेळाडू पुढची फट शोधतातच. मिठाच्या पाचव्या पत्त्यासाठी दुसऱ्याची गरज पडावी आणि सोन्याच्या गाडीला शत्रूच्या नजरेसमोरून जावे लागावे, असे नियम मात्र दशके टिकले, कारण त्यांची अंमलबजावणी खेळाडूच एकमेकांवर करतात. आज कोणी असा खेळ रचत असेल, किंवा मोडकळीला आलेली त्यातली बाजारपेठ सावरत असेल, तर त्याने दरांचा तक्ता नंतर करावा. आधी माल ज्या वाटेने जाणार ती वाट आखावी, आणि ती अडवण्याची मुभा शत्रूला द्यावी.