गावाची शाळा आणि शुक्रवारची रात्र

अमेरिकेच्या संसदेने १९६१ साली क्रीडाप्रक्षेपणासंबंधी एक कायदा संमत केला. व्यावसायिक फुटबॉलच्या संघांना आपल्या सामन्यांचे दूरचित्रवाणी-हक्क एकत्रितपणे विकता यावेत, हा त्याचा मुख्य हेतू. मात्र त्यातच एक लहानशी तरतूद आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारापर्यंत, ज्या मैदानावर शालेय वा महाविद्यालयीन सामना ठरलेला असेल त्याच्या पंचाहत्तर मैलांच्या परिसरात, शुक्रवारी सायंकाळी आणि शनिवारी व्यावसायिक सामन्याचे प्रक्षेपण केल्यास त्या संघांना कायद्याने दिलेली सवलत लागू होत नाही. कोट्यवधी डॉलरांच्या व्यवसायाने शुक्रवारची संध्याकाळ शाळकरी मुलांसाठी मोकळी सोडावी, असे एका राष्ट्राच्या विधिमंडळाला वाटले. शाळेचे समाजातील स्थान मोजण्याची परिमाणे अनेक आहेत. हे त्यांपैकी एक विलक्षण परिमाण म्हणावे लागेल.

येथे फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट आणि खांद्यांवर जाड कवच चढवलेले अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान आणि बारा-बारा मिनिटांचे चार डाव, असे त्याचे शालेय स्वरूप. चेंडू पायापेक्षा हातांतच अधिक असतो. नियम किचकट आहेत. पण मैदानाभोवती जमलेल्या आजीबाईंनाही ते पाठ असतात.

शरद ऋतूतील शुक्रवारी अमेरिकेतील एखाद्या लहान गावात दुपारपासूनच दुकाने ओस पडू लागतात. शाळेत शेवटच्या तासाला सभा भरते, बँड वाजतो, खेळाडू आपल्या क्रमांकाचे सदरे घालून वर्गात बसलेले असतात. अंधार पडता पडता मैदानाचे उंच खांबांवरचे दिवे लागतात आणि सपाट मुलखात ते कित्येक मैलांवरून दिसतात. आसनांच्या रांगांत पिढ्यान् पिढ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. खाद्यपदार्थांच्या खिडकीत पालकच उभे असतात आणि त्या विक्रीतून बँडचे नवे गणवेश शिवले जातात. मध्यंतरात खेळाडू विश्रांतीला गेले की शंभर-दीडशे मुलामुलींचा वाद्यवृंद मैदानावर उतरतो. कित्येक घरांचे डोळे सामन्यापेक्षा या दहा-बारा मिनिटांकडेच लागलेले असतात, कारण त्यांची लेक सनई-कुळातले क्लॅरिनेट वाजवीत असते.

या वातावरणाचा इतिहास ज्या गावात सर्वांत स्पष्ट दिसतो ते ओहायो राज्यातील मॅसिलन. पोलादाच्या कारखान्यांवर जगणारे, आज बत्तीस हजारांच्या आसपास लोकवस्तीचे हे गाव. तेथील वॉशिंग्टन हायस्कूलचा विद्यार्थी आणि पुढे १९३२ पासून तिथलाच प्रशिक्षक झालेला पॉल ब्राउन याने नऊ वर्षांत ८० सामने जिंकले, ८ गमावले आणि २ बरोबरीत सोडवले. १९४० च्या हंगामात त्याच्या संघाने ४७७ गुण मिळवले आणि सर्व प्रतिस्पर्ध्यांना मिळून केवळ ६ गुण दिले. पण आकड्यांपेक्षा काळ महत्त्वाचा. ही महामंदीची वर्षे होती. कारखान्यांच्या भट्ट्या थंडावल्या होत्या आणि बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून १९३९ मध्ये तेथे शाळेसाठी स्टेडियम उभे राहिले. आज त्यात सोळा हजारांहून अधिक माणसे बसतात, म्हणजे अर्धे गाव! ब्राउनने १९३८ साली जॉर्ज बर्ड यांना बँडचे प्रमुख म्हणून आणले आणि मध्यंतरातला कार्यक्रम हा सामन्याइतकाच पाहण्याचा विषय करून टाकला. नारिंगी आणि काळा या शालेय रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून शाळेच्या वाघाचे नाव ‘ओबी’ पडले. मॅसिलनमध्ये मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात शाळेच्या चाहत्यांच्या मंडळातर्फे छोटासा फुटबॉल ठेवण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. मुलींच्या पाळण्याचा उल्लेख या कौतुकाच्या वर्णनांत कोठे आढळत नाही.

पंधरा किलोमीटरांच्या आतच कँटन हे शेजारचे शहर आणि तेथील मॅकिन्ली हायस्कूल. या दोहोंतील सामना १८९४ पासून चालत आला आहे. व्याही-विहिणींतही त्या आठवड्यात अबोला धरला जावा, असे हे वैर. या वैरातूनच एक मोठी गोष्ट घडली. मॅकिन्लीकडून खेळणारा मॅरियन मॉटली हा कृष्णवर्णीय मुलगा तीन वर्षांत केवळ तीन सामने हरला आणि ते तिन्ही मॅसिलनविरुद्ध. समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या ब्राउनने त्याचा खेळ लक्षात ठेवला. १९४६ मध्ये क्लीव्हलँडच्या नव्या व्यावसायिक संघाची सूत्रे हाती येताच त्याने बिल विलिस आणि मॉटली या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले. बेसबॉलच्या प्रमुख स्पर्धेत जॅकी रॉबिन्सन उतरला त्याच्या एक वर्ष आधीची ही घटना. वर्णभेदाची भिंत फुटण्याच्या या इतिहासाचा एक धागा अशा रीतीने दोन शाळांच्या मैदानापर्यंत जाऊन पोहोचतो.

या रात्रींतील सर्वांत हृद्य रात्र होमकमिंगची. माजी विद्यार्थ्यांना सामन्याच्या निमित्ताने परत बोलवावे ही कल्पना महाविद्यालयांची. मिझुरी विद्यापीठाने १९११ साली अशी हाक दिली आणि पहिलेपणाचा मान तेथे सांगितला जातो, जरी तो सांगणारी इतर विद्यापीठेही आहेत. शाळांनी ती उचलली आणि आपलीशी केली. शब्दशः अर्थ घरी येणे. पण ‘माहेरपण’ या आपल्या शब्दात त्याचा भाव अधिक नेमका उतरतो. दूरच्या शहरांत नोकऱ्या करणारे लोक वर्षातून एकदा येतात, आपण जेथे बसत होतो त्याच पायरीवर मुलांना घेऊन बसतात आणि मिरवणुकीत जुन्या तुकड्यांची वाहने फिरतात. टेक्ससमध्ये या दिवशी मुलींना शेवंतीचे फूल देण्याची रीत आहे. मूळचे ते एक ताजे फूल असे. आज कृत्रिम फुले, रिबिनी, घुंगरे आणि इवलीशी खेळणी लावलेला तो एवढा भार झाला आहे की वेणीत माळणे दूरच, गळ्यात अडकवूनच मिरवावा लागतो.

टेक्ससचा विषय निघाला की ओडेसाचे नाव टाळता येत नाही. पश्चिम टेक्ससच्या रखरखीत पठारावरील हे तेलाचे शहर इतर गावांच्या मानाने मोठे. पण त्याचा स्वभाव गावाचाच. १९५९ मध्ये सुरू झालेल्या पर्मियन हायस्कूलच्या संघाने १९६५ पासून राज्याचे अजिंक्यपद वारंवार जिंकले. १९८२ मध्ये तेथे एकोणीस हजार आसनांचे स्टेडियम बांधले गेले. तेलाचे भाव १९८६ मध्ये कोसळले, घरे आणि दुकाने रिकामी पडली, आणि त्याच सुमारास शुक्रवारची रात्र गावाच्या अस्मितेचा जवळजवळ एकमेव आधार होऊन बसली. एच. जी. बिसिंजर हे पत्रकार १९८८ च्या हंगामासाठी कुटुंबासह ओडेसात राहायला गेले आणि १९९० मध्ये त्यांचे ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

खेळाडूंच्या पराक्रमाच्या कथा वाचावयास मिळतील अशी ओडेसाची अपेक्षा होती. पुस्तकात तो थरार आहेच. तीन संघ बरोबरीत आल्यामुळे बाद फेरीत कोणी जायचे हे मध्यरात्री एका ट्रकथांब्यावर नाणेफेक करून ठरले, तो प्रसंग तर कादंबरीत शोभावा असा. परंतु त्याच पानांत शाळेचा जमाखर्चही होता. खेळाडूंच्या औषधोपचाराच्या साहित्यावर होणारा खर्च इंग्रजी विभागाच्या अध्यापनसाहित्यापेक्षा अधिक होता. मुख्य प्रशिक्षकाचे वेतन दोन दशके शिकवणाऱ्या इंग्रजीच्या विभागप्रमुखांच्या दीडपट होते. प्रत्येक खेळाडूला एकेक विद्यार्थिनी नेमून दिलेली असे. सामन्याच्या आठवड्यात तिने त्याच्यासाठी खाऊ आणायचा आणि त्याच्या अंगणात त्याच्या नावाची पाटी सजवायची. शाळा चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला या ओळी सहज ओलांडून पुढे जाता येणार नाही. आणि बूबी माइल्स हा तरुण होता, ज्याला महाविद्यालयांची आमंत्रणपत्रे येत होती. हंगामाआधीच्या सरावसामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याच्याभोवतीचा जयघोष पाहता पाहता दुसऱ्या नावाकडे वळला. अठरा वर्षांच्या मुलाला हे सोसावे लागणे, ही त्या दिव्यांची सर्वांत काळी सावली. पुस्तकावर गाव इतके संतापले की धमक्यांमुळे लेखकाचा ओडेसातील स्वाक्षरीचा कार्यक्रम रद्द करावा लागला.

खेळाचा तोल ढळतो आहे याची जाणीव टेक्ससला त्याआधीच झाली होती, हेही नोंदवले पाहिजे. राज्यपाल मार्क व्हाइट यांनी उद्योगपती रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणसमिती नेमली आणि १९८४ च्या कायद्यात एक नियम आला: कोणत्याही एका विषयात सत्तरपेक्षा कमी गुण पडले तर विद्यार्थ्याला सहा आठवडे मैदानावर उतरता येणार नाही. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी काहूर माजवले, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये नियम वैध ठरला. पुढच्याच वर्षी व्हाइट निवडणूक हरले. त्यांच्या पराभवाच्या कारणांत या नियमाची गणना होते. नंतर सहा आठवड्यांचे तीन झाले, पण नियम टिकला. १९८८ मध्ये पर्मियनला उपांत्य सामन्यात १४-९ असे हरवून डॅलसच्या कार्टर हायस्कूलने अजिंक्यपद मिळवले; मात्र एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून उठलेला वाद न्यायालयांत फिरत राहिला आणि अखेर ते पद काढून घेण्यात आले. बीजगणिताच्या एका गुणपत्रिकेसाठी एवढे मोठे राज्य श्वास रोखून बसल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

मॅसिलनमध्येही पैशाचा प्रश्न सुटला नव्हता. १९९९ च्या हंगामावर काढलेल्या ‘गो टायगर्स!’ या माहितीपटात संघाची वाटचाल आणि शाळेसाठी वाढीव कर द्यावा की नाही याविषयीचे गावाचे मतदान, या दोन कथा शेजारी शेजारी चालतात. शिक्षकांच्या नोकऱ्या टिकण्यासाठी संघाने जिंकावे लागते की काय, असा प्रश्न तो माहितीपट पाहताना मनात येतो, आणि तो सुखावह नाही.

डोक्याला होणाऱ्या इजांचा विषय गेल्या दोन दशकांत ऐरणीवर आला. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एक तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार बसल्यावरही पुन्हा खेळायला उतरला आणि गंभीर जायबंदी झाला. २००९ मध्ये त्याच्याच नावाने तेथे कायदा झाला. मेंदूला मार बसल्याची शंका असलेल्या मुलाला वैद्यकीय परवानगीशिवाय मैदानावर परत पाठवता येत नाही. पाच वर्षांत सर्व पन्नास राज्यांनी असे कायदे केले. शालेय संघांतील मुलांची संख्या २००८-०९ मध्ये अकरा लाखांवर होती, ती पुढे दहा लाखांच्या आसपास आली. आई-वडिलांच्या मनातली भीती या आकड्यांत दिसते.

तरीही मॅसिलनचे स्टेडियम भरतेच. ब्राउनच्या काळातील अजिंक्यपदे वृत्तपत्रांच्या क्रमवारीने मिळत. ओहायोत बाद फेऱ्यांची पद्धत सुरू झाल्यानंतर मात्र या नामांकित शाळेला राज्याचे पद कधीच मिळाले नव्हते. ते २०२३ च्या नोव्हेंबरअखेर मिळाले, ७-२ अशा चिमूटभर गुणांच्या सामन्यात. पोलादाच्या भट्ट्यांचा दरारा तोवर कधीच ओसरला होता.

आणि ज्या गावांत अकरा मुलेच नाहीत, त्यांचे काय? हा प्रश्न नेब्रास्कातील स्टीफन एपलर या तरुण शिक्षकाला महामंदीत पडला होता. त्याने सहा-सहा खेळाडूंचा, ऐंशी यार्डांच्या मैदानावरचा खेळ रचला आणि २६ सप्टेंबर १९३४ रोजी हेब्रन येथे त्याचा पहिला सामना झाला. एका बाजूला हेब्रन आणि चेस्टर, दुसऱ्या बाजूला बेल्व्हिडियर आणि अलेक्झांड्रिया. एकट्या शाळेला संघ जमवणे जड, म्हणून दोन-दोन शाळा मिळून उतरल्या होत्या. सामना १९-१९ असा बरोबरीत सुटला. हा खेळ टेक्ससच्या विरळ वस्तीच्या भागांत आजही मोठ्या हौसेने खेळला जातो. तेथे शाळेचा पट एवढा लहान असतो की बँडलाही वेगळी मुले मिळत नाहीत. मध्यंतराची शिटी झाली की कोणी मुलगा हेल्मेट बाकावर ठेवतो, धुळीने माखलेल्या त्याच पोशाखात ट्रम्पेट घेऊन रांगेत उभा राहतो, आणि वाजवून झाले की पुन्हा हेल्मेट चढवून मैदानाकडे धावतो.