प्रतींचा इतिहास आणि छायाचित्रांचे जतन : अजिंठ्यापासून हार्ड डिस्कपर्यंत

प्रस्तावना

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाविद्यालयांकडे छायाचित्रांचा मोठा साठा जमा झाला आहे. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या गावी, इतिहास विभागाची क्षेत्रभेट मुल्हेर-साल्हेरला जाते. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खेड्यांत भरतात. मूल्यांकनासाठी जिओटॅग केलेली छायाचित्रे मागितली जातात. हा साठा बहुधा एखाद्या संगणकात किंवा कपाटातील एकुलत्या हार्ड डिस्कवर असतो. साल्हेर किल्ल्याचा समावेश जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेतून जागतिक वारसा यादीत झाला. यापुढे तेथे डागडुजी, पायऱ्या, कठडे होतील. त्याआधी विद्यार्थ्यांनी सहज टिपलेली चित्रे उद्या ऐतिहासिक साधन ठरतील. मात्र त्यासाठी ती उरली पाहिजेत.

कोणती हार्ड डिस्क घ्यावी, हा प्रश्न सामान्यतः खरेदी समितीचा समजला जातो. इतिहासाच्या अंगाने पाहता तो प्रतींचा प्रश्न आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातच आहे.

अजिंठ्याच्या प्रती आणि तीन आपत्ती

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यामुळे अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला ज्ञात झाली. भिंतींवरील चित्रे ढासळत आहेत हे ध्यानी आल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची प्रती काढण्यासाठी नेमणूक केली. गिल यांनी अनेक वर्षे तेथे राहून मोठ्या आकाराच्या तैलप्रती तयार केल्या व त्या इंग्लंडला रवाना झाल्या. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या प्रदर्शनार्थ लावल्या असता डिसेंबर १८६६ मध्ये आग लागली आणि मोजक्या प्रती वगळता सर्व श्रम जळून गेले.

यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार या चमूत होते. बारा-तेरा वर्षे हे काम चालले. याही प्रती लंडनलाच, दक्षिण केन्सिंग्टन येथे, ठेवण्यात आल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतील बऱ्याच नष्ट झाल्या. पहिल्या आगीला जेमतेम एकोणीस वर्षे झाली होती, तरी साठवणुकीची पद्धत तीच राहिली, ही बाब आश्चर्याची आहे. तिसरा प्रसंग जपानचा. अराई कांपो आदी जपानी चित्रकारांनी १९१७-१८ च्या सुमारास केलेल्या प्रती तोक्यो येथे १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत भस्मसात झाल्या.

मूळ चित्रे आहेत, मग प्रतींची हळहळ कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु रंग उठून दिसावेत म्हणून प्रती काढताना मूळ चित्रांवर वॉर्निश चढवले गेले. १९२० नंतर आलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही लाखेचा लेप दिला. कालांतराने हे थर पिवळे-काळसर पडले. काही भाग तर भिंतीवरून गळूनच गेले. त्या भागांसाठी आज जुनी प्रत हाच पुरावा आहे.

मग टिकले काय? गिल यांनी कॅमेऱ्यानेही लेण्यांची छायाचित्रे घेतली होती. आकाराने लहान अशी ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हे पुस्तक अनेक ग्रंथालयांत पोहोचल्यामुळे आजही पाहावयास मिळते. ग्रिफिथ्स यांच्या प्रतींवर आधारित दोन खंड १८९६-९७ मध्ये लंडनहून निघाले. भव्य तैलप्रत एका छपराखाली होती म्हणून गेली. छोटे छायाचित्र ठिकठिकाणी विखुरले होते म्हणून राहिले. माध्यमाच्या श्रेष्ठतेचा येथे फारसा संबंध दिसत नाही.

नाशिकच्या चित्रपट-रिळांची गोष्ट

याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके मुळात छायाचित्रकार. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते, एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते आणि नुसती ठेवली तरी कुजते. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या वारसांकडून काही रिळे मिळवली व अशा रिळांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती काढण्यात आल्या. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट कोठाराला आग लागून अनेक मूळ रिळे गेली. तरीही फाळके यांची काही दृश्ये आज पाहता येतात, ती आधी निघालेल्या प्रतींमुळे.

‘राजा हरिश्चंद्र’ची उपलब्ध रिळे १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. चित्र उरले, पण त्याची तारीख उरली नाही. महाविद्यालयीन संग्रहांत हा दोष आजच शिरला आहे. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले की त्याचा आकार घटतो आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख, वेळ व स्थळ गळून पडते. ज्या जिओटॅगसाठी एवढा खटाटोप, तोच वाटेत हरवतो. मूळ फाईल केबलने उतरवून घेणे आणि फोल्डरला ‘२०२५-१२ साल्हेर क्षेत्रभेट’ असे नाव देणे, याला एक पैसाही खर्च येत नाही.

हार्ड डिस्कची निवड

१९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि क्षमता सुमारे ५ मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाईलमधील एका छायाचित्राएवढी. आज एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी सुमारे दोन लाख छायाचित्रे मावतात. सोय झाली खरी, पण दोन लाख छायाचित्रे एका धक्क्यासरशी जाण्याची व्यवस्थाही त्याबरोबरच झाली.

डिस्क बिघडतेच. लाखो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीच्या अलीकडच्या अहवालांनुसार वर्षाला साधारण १ ते २ टक्के डिस्क निकामी होतात. हे प्रमाण २ टक्के धरले, तर दोन स्वतंत्र डिस्क एकाच वर्षी जाण्याची शक्यता अडीच हजारांत एक एवढी उतरते. यात ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. एकाच कपाटातील दोन डिस्कना आग, चोरी किंवा छतातून झिरपणारे पाणी एकदमच गाठते. एकाच संगणकाला कायम जोडलेल्या दोन डिस्क विजेच्या एका उसळीने वा खंडणीखोर व्हायरसने एकदम जातात. ‘रेड’ रचनेतील डिस्क एक डिस्क बिघडल्यास काम चालू ठेवतात, परंतु चुकून पुसलेली फाईल त्या सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. क्रिस्टल पॅलेसमध्ये गिल यांच्या प्रती पुष्कळ होत्या, पण ठिकाण एकच होते.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेले ३-२-१ हे सूत्र यासाठीच आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्यत्र. मर्यादित निधीत एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क घेणे श्रेयस्कर. एक विभागात राहावी, दुसरी संस्थेच्या दुसऱ्या गावातील शाखेत. एसएसडी वेगवान असल्याने रोजच्या कामास उत्तम, मात्र दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तिच्यातील माहिती क्षीण होऊ शकते, म्हणून कपाटात ठेवण्यासाठी फिरत्या तबकडीची डिस्कच बरी. पेन ड्राइव्ह हे वाहतुकीचे साधन आहे. जुन्या सीडी-डीव्हीडींतील रंगद्रव्याचा थर खराब होत जातो, तेव्हा २००५ च्या स्नेहसंमेलनाची सीडी अजून उघडत असेल तर ती याच सत्रात उतरवून घ्यावी.

इंटरनेटवरील साठवण ही तिसरी प्रत म्हणून उपयुक्त आहे. एकमेव प्रत म्हणून मात्र ती भरवशाची नाही. गूगलने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद जागाही नंतर मूळ योजनेत संस्थेमागे एकत्रित १०० टेराबाइटवर आली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटविण्याचे धोरणही डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. निवृत्त प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यात विभागाचा वीस वर्षांचा संग्रह असेल, तर हा धोका पुस्तकी राहत नाही.

बागलाणात कांदा चाळीत भरला की शेतकरी स्वस्थ बसत नाही. मधून मधून चाळ पाहून सडका कांदा काढावाच लागतो. डिस्कचेही तसेच. सहा महिन्यांतून एकदा ती जोडून काही फाईली उघडून पाहाव्यात, हॅश पडताळणीच्या मोफत प्रणालीने दोन्ही प्रती जुळतात का ते तपासावे आणि पाच-सहा वर्षांनी सर्व संग्रह नव्या डिस्कवर न्यावा. डिस्क कोणाकडे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, याची नोंद विभागाच्या जडवस्तू नोंदवहीत शाईने करावी. विभागप्रमुख बदलताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ही नोंद आणि खात्याचा पासवर्डही नव्या प्रमुखाच्या हाती जायला हवा.