इशारा आणि भय

शब्दांचा इतिहास हा पुष्कळदां माणसांच्या मनाचा इतिहास असतो. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा ग्रंथांत सांपडतात. पण एखादा समाज कशाला भ्याला आणि भ्याल्यावर त्यानें काय केलें, हें पाहावयाचें असेल तर त्याच्या रोजच्या बोलण्यांतील शब्दांकडे वळावें लागतें. आज आपण इंग्रजी भाषेंतील अशाच कांहीं शब्दांचा मागोवा घेणार आहों. संकटाची सूचना देणारे शब्द आणि भय दर्शविणारे शब्द यांनीं त्या भाषेंत एकमेकांच्या जागा इतक्या वेळां बदलल्या आहेत कीं, त्यांतला कोणता मूळचा कोठला, हें सहजासहजीं ओळखूं येऊं नये.

प्रथम 'फिअर' हा शब्द घेऊं. आज त्याचा अर्थ भीति. परंतु हजार वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत या शब्दाच्या पूर्वजाचा अर्थ अकस्मात् कोसळलेलें संकट असा होता. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तिच्यांत त्याच कुळांतला 'गेफार' हा शब्द अजूनहि धोका या अर्थानेंच चालतो. म्हणजे जें पूर्वीं माणसाच्या बाहेर होतें, त्याचेंच नांव इंग्रजीनें पुढें माणसाच्या मनांतील भावनेला दिलें.

'अलार्म' या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. हा मूळचा इटालियन शिपायांचा पुकारा. 'आल्लार्मे', म्हणजे 'शस्त्रांकडे चला', 'हत्यारें उचला'. फ्रेंच भाषेच्या वाटेनें तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजींत आला. या पुकाऱ्यांत भयाचा लवलेश नाहीं. ती सरळ आज्ञा आहे. पण रात्रीच्या वेळीं असा पुकारा झाला म्हणजे तो एकट्या शिपायाच्याच कानीं पडत नाहीं. शिपाई उठून तलवार घेतो. ज्याच्याजवळ तलवार नाहीं, त्याला करावयास कांहींच सांगितलेलें नसतें; त्याच्या वांट्यास छातींतील धडधड तेवढी येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या शब्दाला धास्ती असा अर्थ येऊन चिकटलेला दिसतो. आज आपल्या उशाशीं असलेलें गजराचें घड्याळ त्याच शिपायांच्या पुकाऱ्याचें नांव चालवीत आहे.

'अलर्ट' हा शब्दहि इटलींतूनच आला. 'आल्लेर्ता' म्हणजे उंचावर, टेहळणीच्या जागीं. सन १६०० च्या सुमारास तो इंग्रजींत आला. पण 'अलार्म'ची गति त्याला प्राप्त झाली नाहीं. अलर्ट माणूस जागा असतो, भ्यालेला नसतो. आपल्या 'सावधान' शब्दाचें असेंच आहे. अवधानासहित असणें, एवढाच त्याचा अर्थ. लग्नमंडपांत तो मोठ्यानें उच्चारला जातो आणि कोणी दचकत नाहीं. समर्थ रामदास तो ऐकून बोहल्यावरून निघून गेले अशी परंपरा सांगते. तेंहि भयानें नव्हे, तर त्या शब्दाला त्यांनीं खरोखरीची सूचना मानलें म्हणून.

याउलट स्थिति 'मॉन्स्टर' या शब्दाची. सूचना देणें, या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो झाला आहे. विचित्र अवयवांचें वासरूं जन्मलें कीं रोमन लोक त्यास देवांकडून आलेला इशारा समजत. आपल्याकडे अशा गोष्टींना उत्पात म्हणत असत. पुढें निरोप विसरला गेला आणि निरोप्या तेवढा राहिला. आज त्या शब्दाचा अर्थ राक्षस असा आहे.

आतांपर्यंत सांगितलेले पालट आपोआप झाले. 'टेरर' या शब्दाचें तसें नाहीं. ५ सप्टेंबर १७९३ रोजीं पॅरिस येथें राष्ट्रीय सभेपुढें अशी मागणी झाली कीं, भय हाच आजचा कार्यक्रम ठरवावा. जुलै १७९४ मध्यें रोबस्पिअरचा पाडाव झाला, तोंपर्यंत सुमारें १७,००० माणसांना रीतसर शिक्षा सांगून ठार करण्यांत आलें होतें. थोड्यांना मारावें म्हणजे बाकीच्यांना इशारा मिळतो, अशी ही राजनीति. 'टेररिस्ट' हा शब्द इंग्रजींत १७९५ सालीं दिसूं लागला, तो या राज्यकर्त्यांना उद्देशून. हा शब्द आज ज्यांना लावतात त्यांच्या हातीं बहुधा राज्य नसतें; पण तो प्रथम मिळाला तो अधिकाराच्या आसनावर बसलेल्यांना.

'सायरन'चा प्रवास अगदींच निराळा. होमरच्या काव्यांतील सायरेन या गोड गळ्याच्या मायाविनी. त्यांचें गाणें ऐकून खलाशी भुलत आणि प्राणांस मुकत. सन १८१९ मध्यें कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें भोंकें पाडलेल्या फिरत्या तबकडींतून हवा सोडून स्वर काढणारें एक यंत्र बनविलें. तें पाण्याखालींहि वाजे, म्हणून त्यास त्यानें हें नांव दिलें. अशा रीतीनें संकटांत ओढणारीचें नांव संकटांतून वांचविणाऱ्या यंत्राला मिळालें. मराठींत त्याला आपण भोंगा म्हणतों. गिरण्यांच्या काळीं मुंबईंतील कामगारांची पाळी भोंग्यावर चाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं चेंबरलेन यांनीं रेडिओवरून युद्ध जाहीर केलें, आणि कांहीं मिनिटांतच लंडनमध्यें सायरन वाजला. शत्रूचें विमान आलें नव्हतें. इशारा खोटा ठरला. तरीहि त्या योजनेंत एक शहाणपण होतें. चढउताराचा स्वर म्हणजे आसऱ्याला जा. एकसारखा स्वर म्हणजे आतां बाहेर या. संकट आलें हें सांगणाऱ्यानें तें टळल्याचेंहि सांगावयाचें, अशी ती व्यवस्था होती. केवळ भयाला असा दुसरा स्वर नसतो.

शेवटचा शब्द रेडिओनेंच जगाला दिलेला आहे. क्रॉयडनच्या विमानतळावरील रेडिओ अधिकारी मॉकफर्ड यांनीं सन १९२३ मध्यें संकटांतील वैमानिकांसाठीं 'मेडे' हा शब्द सुचविला. तेथील बरीचशी वाहतूक पॅरिसशीं होती. म्हणून 'मला साहाय्य करा' या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून तो घेतला. 'आल्लार्मे'प्रमाणेंच याहि शब्दांत काय करावयाचें तें सांगितलेलें आहे.

या सर्व शब्दांतून एकच गोष्ट दिसते. इशाऱ्यांतून कर्तव्य गळून पडलें म्हणजे मागें भय उरतें. सरकार असो, वर्तमानपत्र असो, कीं घरांतलें वडील माणूस असो, 'संकट आलें' एवढेंच सांगून ज्यानें पुढचें सांगितलें नाहीं, त्यानें आपल्या माणसांना सावध केलें नाहीं, भिवविलें मात्र.