तिसरा मजला, लिफ्ट नाही : व्हीलचेअरच्या घराचा थोडा इतिहास

पोस्ट जरा मोठी आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण वाचाच.

माझी आतेबहीण डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. जुनी इमारत, लिफ्ट नाही. ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. गेल्या वर्षापासून बाहेर पडायचं तर व्हीलचेअर लागते आणि खाली उतरवायला दोन माणसं लागतात. शेवटी भावजींनी तळमजल्याचा फ्लॅट शोधला. फ्लॅट चांगला होता, पण इमारतीच्या दारात तीन पायऱ्या. "आमच्या खर्चाने रॅम्प करतो," असं त्यांनी सोसायटीला सांगितलं. कमिटीचं उत्तर आलं : पार्किंगची एक जागा जाईल. आणि वर, "परवा तर ताई चालताना दिसल्या होत्या की!"

या शेवटच्या वाक्याने मला हा इतिहास वाचायला लावला.

आधी आजाराबद्दल. 1868 मध्ये पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी एमएसचं पहिलं नीट वर्णन केलं. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण खाते. वायरीवरचं प्लॅस्टिक सोलल्यासारखं. कुठली वायर सोलली जाईल त्यावर लक्षणं ठरतात. म्हणून माणूस सोमवारी काठी घेऊन चालतो आणि गुरुवारी पलंगावरून उठू शकत नाही. हे नाटक नव्हे, हाच आजार आहे.

1890 मध्ये ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याला दिसलं की श्रम केले की अशा रुग्णांची नजर काही वेळ मंदावते. पुढे कळलं की खरा दोष अंगातल्या उष्णतेचा. एमआरआय येण्याआधी डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे! आता विचार करा, मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एमएसच्या पेशंटचं काय होत असेल. घर गार असणं ही तिच्यासाठी चैन नाही.

आता घराकडे. घरात सोय नसलेल्या माणसाने जायचं कुठे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्येही उत्तर एकच : संस्थेत, नाहीतर म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. 1948 मध्ये लेनर्ड चेशायर या माजी वैमानिकाने हॅम्पशायरमधल्या 'ल कोर्ट' नावाच्या वाड्यात अशा लोकांसाठी निवास सुरू केला. हेतू चांगलाच होता. ही चेशायर होम्स जगभर पसरली, 1950च्या दशकात आपल्या अंधेरीतही आली.

पण ल कोर्टमधल्या लोकांना काही वर्षांत एक गोष्ट खुपू लागली. कधी उठायचं, कधी झोपायचं, हे दुसरंच कोणी ठरवतंय. पॉल हंट हा तिथला रहिवासी, त्याला स्नायूंचा आजार होता. तो आणि त्याचे सोबती व्यवस्थापनाशी भांडले आणि त्यांनी संशोधकांना बोलावलं, वाटलं हे आपली बाजू मांडतील. अहवाल 1972 मध्ये आला. त्यात म्हटलं होतं की अशा ठिकाणी येणारा माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो. सामाजिक मृत्यूपासून खऱ्या मृत्यूपर्यंतचा त्याचा प्रवास सुसह्य करणं हे संस्थेचं काम!

हंटने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'गार्डियन'ला पत्र लिहून अपंगांनाच एकत्र यायची हाक दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने 1976 मध्ये जे मांडलं ते आज जगभर शिकवलं जातं : शरीरातली उणीव एक गोष्ट, आणि पायऱ्या, अरुंद दारं, नियम यांनी लादलेलं अपंगत्व ही वेगळी गोष्ट.

त्याच वर्षी नॉटिंगहॅमशायरमध्ये केन आणि मॅगी डेव्हिस या व्हीलचेअरवरच्या जोडप्याने ते प्रत्यक्षात आणून दाखवलं. गृहनिर्माण संस्थेच्या मागे लागून ग्रोव्ह रोडवर छोटी इमारत बांधून घेतली. खाली व्हीलचेअरला सोयीचे फ्लॅट, वर मदत करू शकणारे शेजारी. ना वॉर्ड, ना मेट्रन. साधी बिल्डिंग, साधे भाडेकरू.

अमेरिकेने 1988 मध्ये घरांच्या कायद्यात दुरुस्ती केली. अपंग भाडेकरू स्वतःच्या खर्चाने वाजवी बदल करत असेल तर घरमालकाला नाही म्हणता येत नाही. मार्च 1991 नंतर राहत्या झालेल्या चार किंवा जास्त घरांच्या इमारतीत लिफ्ट असेल तर सगळी घरं, नसेल तर तळमजल्याची घरं व्हीलचेअरला जुळतील अशी हवीत. भावजी जे हात जोडून मागत होते, ते तिथे हक्काने मिळतं.

आणि आपण? मुंबईत 1985 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी स्थापन झाली. पण 1995च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत एमएसचं नाव नव्हतं. ते आलं 2016च्या कायद्यात, जेव्हा सातांचे एकवीस झाले. याच कायद्यात सरकारी घरकुल योजनांत 5 टक्के आरक्षण आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती, ती केव्हाच उलटली. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. पण जिथे आपण खरंच राहतो, त्या जुन्या सोसायट्या 'सार्वजनिक इमारती'च्या व्याख्येत सहज बसत नाहीत. तिथे राज्य कमिटीचं.

म्हणून थोडं गणित. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. सहा इंची तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट रॅम्प. वळवून बांधला तर एका गाडीच्या जागेत बसू शकतो. दार तीन फूट हवं. आपल्याकडे बाथरूमचं दार अडीच फुटांचं किंवा त्याहून कमी असतं, खुर्ची तिथेच अडते. आत वळायला पाच फुटांचं वर्तुळ हवं. नवीन बांधकामात यासाठी वेगळा खर्च जवळजवळ नसतो. नंतर तोडफोड करताना मात्र घाम फुटतो. सध्या गावोगाव रीडेव्हलपमेंटचे नकाशे मंजूर होताहेत. आत्ता विचारलं नाही तर पुढची पन्नास वर्षं तीच पायरी.

ताई अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. दुसरा फ्लॅट शोधणं चालू आहे.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या जनरल बॉडीत एकच प्रश्न विचारा : आपल्या इमारतीत व्हीलचेअर रस्त्यापासून बाथरूमपर्यंत जाते का? कोणाला लागणार आहे, असं कोणी म्हणालं तर सांगा, ताईलाही दहा वर्षांपूर्वी लागत नव्हती.